दहावीच्या निकालाआधी आईबाबांनी करायची तयारी

थोरलीचा निकाल 8 जून 2019 ला दुपारी एकला लागला. सीट नंबर मी पाठ केला होता आणि साइटवर आईचं नाव टाकायचं, तेही माझंच. त्यामुळे निकाल आधी मीच पाहिला आणि तोंडातून निघालं, "मराठीत एकसष्टच?" ती मागेच उभी होती. त्या दिवशी ती जेवली नाही.

मी तिची तुलना आदल्या वर्षी पास झालेल्या मावसभावाशी करत होते. त्याच्या वेळी भाषांना शाळेकडचे तोंडीचे 20 गुण होते, हिच्या वर्षी ते काढून टाकले होते. राज्याचा निकालच 89.41 वरून 77.10 टक्क्यांवर आला होता. हे मला माहीत असायला हवं होतं. म्हणून पहिलं काम हे: दोन वेगळ्या वर्षांचे मार्क शेजारी ठेवू नका. भावंडांचे तर मुळीच नाही.

दुसरं, निकाल मुलाने स्वतःच्या हाताने उघडायचा. तुम्ही खोलीत थांबायचं की बाहेर, ते त्यालाच आदल्या रात्री विचारा. धाकट्याने सांगितलं, "आई, तू स्वयंपाकघरात थांब." 13 मे 2025 ला मी ओट्याजवळ उभी राहून कोथिंबीर निवडत होते. हात थरथरत होते, पण मी तिथेच थांबले.

पेढे आदल्या दिवशीच आणा. मार्क पाहून आणलेला पेढा मुलाला बरोबर कळतो.

नातेवाइकांचं आधीच ठरवा. आमच्या ग्रुपवर मी सकाळीच लिहिलं होतं, "टक्के तोच सांगेल, त्याला वाटेल तेव्हा." सासूबाईंना हे पटायला वेळ लागला. त्यांच्या बहिणीचा फोन आलाच, "किती पडले गं?" तेव्हा मात्र त्याच म्हणाल्या, "पास झालाय, पेढा खायला ये."

कमी मार्कांचे रस्ते निकालाआधी, डोकं शांत असताना वाचून ठेवा. एकदोन विषय राहिले तर एटीकेटीवर, म्हणजे ते विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर, अकरावीला प्रवेश मिळतो, पुरवणी परीक्षाही लगेच जून-जुलैत असते. गुणपडताळणीत पेपर नव्याने तपासत नाहीत, बेरीज चुकली का, एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, एवढंच बघतात. पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते. अर्जाची मुदत थोडी असते, पण अर्ज करायचा की नाही हे मुलाला ठरवू द्या.

आणि मूल गप्प गप्प झालं, खाणंपिणं सुटलं, तर चार दिवस वाट बघू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलतात. तो आम्ही फ्रिजवर चिकटवला होता. हा नंबर आईबाबांसाठीही आहे.

धाकट्याला 68 टक्के पडले. स्वयंपाकघरात येऊन त्याने आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पेढ्याचा डबा उघडला. पहिला पेढा त्याने ताईला दिला.