पॉडकास्टच्या लिंकवरून खरेदी होते, पण कमिशन शून्य: माझा अनुभव

आर्णी तालुक्यातून पऱ्हाटीवर पॉडकास्ट करतो. फवारणीच्या भागात हातमोजे-चष्म्याची अफिलिएट लिंक (जिच्यावरून कोणी खरेदी केली की आपल्याला कमिशन मिळतं) दिली. गावातले चौघं म्हणाले, "भाऊ, तुह्याच लिंकवरून मागवला." अफिलिएट खात्याच्या रिपोर्टात मात्र क्लिकही शून्य.

लिंक छोटी केली, वर्णनात सगळ्यात वर आणली. फरक नाही. दोन महिने डोकं धरून बसलो.

चूक भलतीकडेच होती. लिंक मी खरेदीच्या ॲपमधल्या 'शेअर' बटणावरून उचललेली. तिच्यात माझा टॅगच, म्हणजे लिंक माझी आहे हे ओळखायची खूणच नव्हती.

मग ॲप सोडून ब्राउझरमधून अफिलिएट खातं उघडलं. आधी पॉडकास्टसाठी वेगळा ट्रॅकिंग आयडी (टॅगमध्ये येतं ते नाव) काढला, त्यावरच लिंक बनवली. ती कॉपी करून ब्राउझरच्या इन्कॉग्निटो (खाजगी) टॅबमध्ये चिकटवली (नुसती दाबली तर ॲपच उघडतं) आणि वरच्या पत्त्यात 'टॅग' (tag) या शब्दापुढे आपलाच आयडी आहे का, ते अक्षरन् अक्षर जुळवलं. शेवटी जुन्या भागांच्या वर्णनातही लिंक बदलली. तपासायला स्वतः खरेदी करू नका, ती कमिशनसाठी सहसा धरत नाहीत.

दुसऱ्या दिवशी रिपोर्टात 3 क्लिक. कमिशन मिळतं हे आता भागाच्या सुरुवातीला आणि शेवटी बोलून सांगतो; जाहिरात मानक परिषदेचा ऑडिओसाठी तसा नियमच आहे.