शिंगाडा, कमळ आणि मासे एकाच तळ्यात: या चुका टाळा

नवरात्रात उपवासाला शिंगाडा, लक्ष्मीपूजनाला दादरच्या फुलबाजारात कमळ आणि बाराही महिने मासळी अशी मागणी मुंबईत असल्यामुळे वसई, कर्जत, बदलापूर या बाजूला तळे असलेल्या अनेकांना या तिन्हींचा मेळ एकाच पाण्यात घालावासा वाटतो. तो बसतोही; फसतो तेव्हा कारण बहुधा असे असते की वर पीक आणि खाली मासे असा दुमजली हिशेब मालकाने मांडलेला असतो, तर प्रत्यक्षात त्या पाण्यातील उजेड आणि प्राणवायू दोघांच्या सामाईक मालकीचे असतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सगळे तळे शिंगाड्याच्या वेलाने झाकू देणे. तरंगत्या पानांनी सोडलेला प्राणवायू बहुतांशी हवेत जातो. उलट त्यांच्या सावलीमुळे पाण्यातील सूक्ष्म शेवाळाची प्राणवायूनिर्मिती मंदावते आणि वाऱ्याने होणारी ढवळणही थांबते. रात्रभर मासे, वनस्पती आणि तळाचा गाळ प्राणवायू वापरतच राहतात, म्हणून पहाटे त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते. कटला-रोहूसाठी ते लिटरला 5 मिलिग्रॅमच्या आसपास असावे; 3 च्या खाली गेले की मासे तोंड वर काढून हवा गिळू लागतात. दुपारी मोजून निर्धास्त राहणारे येथेच फसतात. मोजमाप सूर्योदयापूर्वी घ्यावे, आणि श्रावणात सलग ढगाळ दिवस आले तर रोज घ्यावे. मासे वर आलेले दिसताच खाद्य आणि शेणखत बंद करावे, पंपाने पाणी उंचावरून तळ्यात पाडत राहावे आणि वेल ओढून मोकळे पट्टे करावेत. घाईने चुना टाकणे हा उपाय नव्हे, कारण सामू (पीएच) वाढला की पाण्यात साठलेला अमोनिया अधिक विषारी ठरतो. माझ्या मते निदान तिसरा हिस्सा पाणी पहिल्यापासून मोकळे राखावे. बांबूची तरंगती चौकट त्यासाठी पुरेशी असते. काढणीनंतरचे वेल पाण्यातच कुजू देणे ही याच चुकीची पुढची पायरी आहे. ते बाहेर काढून खतखड्ड्यात घालावेत.

माशांची निवड करताना गवत्या मासा या तळ्यात सोडू नये, कारण तो कोवळी पानेच खातो. सायप्रिनस (कॉमन कार्प) तळ उकरतो आणि नुकतीच लावलेली रोपे उपटून काढतो. पानांची दाटी असेल तर पृष्ठभागावर येऊन हवा घेणारे मरळ, शिंगी आणि देशी मांगूर अधिक तग धरतात. मात्र मरळीबरोबर कटल्याची बोटुकली (बोटभर लांबीची पिल्ले) सोडणे म्हणजे तिला खाद्य पुरवणे होय. स्वस्त बीज म्हणून मिळणारा आफ्रिकन मांगूर, ज्याला बाजारात थाई मांगूर म्हणतात, त्याच्या संवर्धनावर भारतात 2000 सालापासून बंदी आहे.

शिंगाड्यावर भुंगेरे पडले की भातपिकावरचे कीटकनाशक तळ्यावर फवारण्याचा मोह होतो. सायपरमेथ्रिनसारखी कीटकनाशके माशांना अत्यल्प मात्रेतही मारक असतात, त्यामुळे अंडी आणि अळ्या असलेली पाने वेळीच खुडून नष्ट करणे हाच येथे मार्ग आहे, मग तो कितीही कंटाळवाणा असो. हंगामापूर्वी नको असलेले मासे काढण्यासाठी मोहाची पेंड, हेक्टरी सुमारे 2,500 किलो, वापरली असेल तर तिचा विषार उतरायला सुमारे तीन आठवडे द्यावेत.

मुंबईलगतच्या खाजणात जागा निवडणाऱ्यांची चूक वेगळी आहे. शिंगाडा आणि कमळ ही गोड्या पाण्याची पिके आहेत. उधाणाचे पाणी शिरणाऱ्या जागी ती टिकत नाहीत, तेथे जिताडा, बोई आणि कोळंबीचाच विचार करावा. त्यासाठी तिवरे, म्हणजे कांदळवनाची झाडे, तोडणे मात्र सरळ गुन्ह्यात जाते: मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये कांदळवनांच्या नाशावर राज्यभर बंदी घालून भोवतालचा 50 मीटरचा पट्टाही राखीव ठरवला आहे.

सांडव्याला, म्हणजे जादा पाणी बाहेर पडण्याच्या वाटेला, जाळी न लावणे ही चूक लिहावी लागू नये, पण 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला होता, आणि त्याच्या चौथ्या हिश्श्यानेही बांधावरून मासे वाहून जातात.

शेवटची बाब खाणाऱ्याच्या पोटाची. माणसाच्या आतड्यात वाढणाऱ्या एका कृमीच्या अळ्या पाण्यातील गोगलगायींतून बाहेर पडून शिंगाड्याच्या सालीवर कवच करून चिकटतात, आणि कच्चा शिंगाडा दाताने सोलणाऱ्याच्या पोटात त्या जातात. हा कृमी माणसाप्रमाणे डुकरातही वाढतो, म्हणून अशा तळ्यात डुकरांची विष्ठा किंवा सांडपाणी खत म्हणून सोडू नये, आणि शिंगाडा उकडूनच विकावा.