ऋण सोडणं: अन्याय झाल्यावर क्षमा कशी करावी

‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतली ही ओळ एरवी सवयीने म्हटली जाते. कुणी खरोखर घाव घातलेला असला की त्या दिवशी ती घशात अडकते. नीट ऐकलं तर इथे भाषा भावनेची नाही, देण्याघेण्याची आहे. बायबलच्या ग्रीक नव्या करारात इथे जे क्रियापद येतं, अफिएमी, तेच कोळी असलेले शिष्य पेत्र आणि अंद्रिया जाळी ‘सोडून’ येशूच्या मागे गेले तिथेही आहे (मत्तय ४:२०). मराठीतलं ‘सोडणं’ नेमकं तेच करतं: कर्जही सोडता येतं आणि हातातली वस्तूही.

म्हणजे क्षमा ही मूठ उघडण्याची कृती आहे. राग पूर्ण शमला की मग क्षमा करू, असं ठरवलं तर तो दिवस बहुधा उजाडत नाही. उलट, राग आलाच नाही असं दाखवून ‘जाऊ दे’ म्हटलं तर तीही क्षमा नव्हे. जे येणं कधी मांडलंच नाही, ते माफ कसं करणार? तेव्हा सुरुवात हिशेबापासून.

१. काय गेलं ते लिहा

कागद-पेन घ्या, मोबाइल नको. एका माणसाबद्दल एक कागद. ‘त्याने माझा विश्वासघात केला’ हे वाक्य फार पसरट आहे. ते कितीही वेळा सोडलं तरी हातात तसंच राहतं. त्याऐवजी असं: ‘मार्च महिन्यात थोरल्या भावाने मला न विचारता आईची सही घेतली. घरातला माझा वाटा गेला. त्यानंतर दोन वर्षं मी आईशी धड बोललो नाही.’ इथे तीन वेगळी येणी आहेत. पैसा, भावावरचा भरवसा आणि आईबरोबरची दोन वर्षं. अनेकदा पैशाचं दुःख कधीच संपलेलं असतं आणि सलत असते ती तिसरी ओळ, जी तोवर कुणाला सांगितलेलीच नसते.

लिहिताना समोरच्याच्या मनातले हेतू लिहू नका. ‘त्याला मला संपवायचंच होतं’ हा आपला अंदाज असतो. कृती आणि तिचे परिणाम, एवढंच. आपलं काही चुकलं असेल तर ते वेगळ्या कागदावर लिहा. दोन्ही एकत्र केलं की एक तर त्याचा गुन्हा पातळ होतो, नाही तर आपला.

२. देवाजवळ तक्रार करा

ही पायरी भाविक माणसं हमखास गाळतात. देवापुढे रागाने बोलणं त्यांना अश्रद्धेचं वाटतं. बायबलमधली स्तोत्रसंहिता मात्र अशा बोलण्याने भरलेली आहे. १३वं स्तोत्र अवघं सहा ओव्यांचं, आणि पहिल्या दोन ओव्यांतच चार वेळा ‘कुठवर?’ असा सवाल आहे. जिवाभावाच्या माणसानेच दगा दिला असेल तर ५५वं काढा: निंदा करणारा वैरी असता तर सोसलं असतं, पण हा माझा मित्र, बरोबर देवाच्या घरी चालणारा. १०९व्या स्तोत्रातले शाप तर अंगावर येतात. ते शाप खरे व्हावेत म्हणून वाचायचे नाहीत. एवढा राग देवापाशी नेता येतो आणि तो त्याने ऐकून घेतलेला आहे, हे कळावं म्हणून वाचायचे.

दाराला कडी लावून मोठ्याने वाचा, मग स्वतःच्या शब्दांत बोला. रोमकरांस पत्रात (१२:१९) सूड घेऊ नका असं सांगताना प्रेषित पौल अन्याय विसरायला सांगत नाही. तो खटला देवाच्या न्यायालयात वर्ग करायला सांगतो.

‘तुम्ही रागात असतानाच सूर्य मावळू नये’ (इफिस ४:२६) या वचनाचा इथे बराच गैरवापर होतो. ते दाखवून रात्री अकरा वाजता रडवेल्या माणसाकडून ‘केली क्षमा’ वदवून घेतात. त्याच ओवीची सुरुवात ‘रागावा, पण पाप करू नका’ अशी आहे. राग पोसू नका, त्याला घरात बिऱ्हाड देऊ नका, हा तिचा रोख. जखम संध्याकाळपर्यंत भरलीच पाहिजे असा त्याचा अर्थ नाही.

३. आपलं खातं उघडा

मत्तय १८मध्ये पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशू म्हणतो, ‘सातांच्या सत्तर वेळा’, आणि एका चाकराचा दृष्टांत सांगतो. राजाचं देणं दहा हजार तालांत; ते सगळं माफ होतं. बाहेर पडताच हा आपल्या सोबतच्या चाकराचा शंभर दिनारांसाठी गळा धरतो. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी आणि तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार. हिशेब करा: पहिलं कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीचं, दुसरं शंभर दिवसांच्या. सहा लाख पट फरक.

प्रवचनांत बऱ्याचदा शंभर दिनार ‘क्षुल्लक’ ठरवले जातात. ते क्षुल्लक नाहीत. तीन महिन्यांहून जास्त कमाई बुडाली तर कुणाचंही घर हलेल. येशू तुमचं नुकसान छोटं आहे असं म्हणत नाही. तुमच्या हातात आधीच काय पडलंय, ते तो दाखवतो. म्हणून या पायरीवर शोधायचं ते आपल्याला मिळालेली माफी. दोन-तीन नेमक्या गोष्टी आठवा, ज्या देवाने किंवा माणसांनी तुम्हाला सोडल्या.

एक सावधगिरी. लहानपणी अत्याचार झालेल्या किंवा घरात मार खाणाऱ्या व्यक्तीने ‘त्या घटनेत माझा वाटा किती’ असं शोधायला या पायरीचा वापर करू नये. तसं कुणी करायला लावत असेल तर त्याचं ऐकू नये.

४. तोंडाने सोडा

कागद हातात घ्या, उभे राहा आणि एकेक ओळ वाचून सोडा. उदाहरणार्थ: ‘प्रभू, भावाने माझा वाटा घेतला. याचा सूड घेण्याचा माझा हक्क मी तुझ्या हाती देतो. याची किंमत मी त्याला बोलण्यातून, अबोल्यातून किंवा त्याच्या मुलांकरवी चुकवायला लावणार नाही.’ हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. आपण वसुली कुठल्या मार्गाने करतो हे प्रत्येकाला ठाऊक असतं. तोच मार्ग नाव घेऊन बंद करायचा. एखादी ओळ म्हणवत नसेल तर ती राहू द्या, उद्या तिथून पुढे. खाली तारीख घाला.

मग कागद फाडलात तरी चालेल. मात्र प्रकरण पोलिसांत, कोर्टात किंवा कामाच्या ठिकाणी तक्रारीत जाणार असेल, तर आधी घटनांची आणि तारखांची वेगळी प्रत काढून ठेवा. सूड सोडला म्हणजे पुरावा टाकला, असं नव्हे. बुडालेले पैसे परत मागण्यातही क्षमेला बाधा येत नाही: जक्कय या जकातदाराने फसवून घेतलेलं चौपट परत करतो म्हटलं, तेव्हा येशूने त्याला अडवलं नाही (लूक १९:८).

५. राग परत येणारच

साधारण आठवड्याभरात, आंघोळ करताना किंवा पहाटे तीनला, सगळं पुन्हा उसळतं. मग वाटतं, आपली क्षमा खोटी होती. तसं नसतं. ‘सातांच्या सत्तर वेळा’ हे सहसा नव्या नव्या अपराधांना लावलं जातं, पण एकच जुना अपराध चारशे नव्वद वेळा आठवू शकतो. प्रत्येक वेळी नव्याने खटला चालवू नका. ‘हे मी सोडलंय, अमक्या तारखेला’ एवढं म्हणा आणि हातातल्या कामाकडे वळा.

त्यानंतर त्या माणसासाठी प्रार्थना करा (मत्तय ५:४४). इथे मन लबाडी करतं. ‘प्रभू, त्याला सद्बुद्धी दे, त्याचे डोळे उघड’ ही बहुतेक वेळा पदर घेतलेली शिवीच असते. स्वतःच्या माणसासाठी मागाल ते मागा: त्याची रक्तदाबाची तक्रार कमी होवो, मुलीला नोकरी लागो, रात्री झोप येवो. दिवसाला एक वाक्य पुरे. पहिले काही दिवस शब्द कोरडे निघतील, निघू द्या. नाझी छळछावणीतून वाचलेल्या डच ख्रिस्ती लेखिका कोरी टेन बूम यांच्यासमोर १९४७ साली म्युनिकमधल्या चर्चमध्ये राव्हन्सब्रुक छळछावणीतला पूर्वीचा पहारेकरी हात पुढे करून उभा राहिला. त्याच छावणीत त्यांची बहीण मरण पावली होती. मनात काडीचीही माया नसताना, देवाकडे मदत मागत त्यांनी यंत्रासारखा हात पुढे केला. माया नंतर आली, असं त्यांनीच सांगितलंय.

रागाला खतपाणी घालणाऱ्या गोष्टी ओळखून बंद करा. त्याचं स्टेटस चोरून बघणं. मनातल्या मनात त्याला सडेतोड उत्तर देण्याच्या तालमी. आणि सगळ्यात सभ्य दिसणारी गोष्ट म्हणजे प्रार्थना विनंतीच्या नावाखाली चर्चच्या मंडळीतल्या सहा जणांना सगळी हकीकत ऐकवणं. मन मोकळं करायला एक विश्वासू माणूस किंवा पाळक पुरतो.

६. भेटायचं का?

क्षमा एकट्याने होते, समेटाला दोघं लागतात. पौलही ‘शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितके’ अशी मर्यादा घालतो (रोम १२:१८). भेटायचं ठरलं तर मत्तय १८:१५-१७चा क्रम पाळा: आधी दोघंच, मग एक-दोन साक्षीदार, मग मंडळी. आपण नेमकं उलटं करतो.

ज्याने चूक कबूलच केलेली नाही त्याला ‘मी तुला क्षमा केली’ असं जाऊन सांगू नका. त्याच्या कानाला तो आरोप वाटतो आणि नवं भांडण पेटतं. काय घडलं, त्याने काय झालं, आता काय हवंय, एवढंच बोला. तो माणूस हयात नसेल तर पत्र लिहा, देवापुढे वाचा, झालं.

भरवसा ही वेगळी गोष्ट. तो हळूहळूच परत येतो. बायबलच्या जुन्या करारातल्या योसेफाला भावांनी वीस रुप्यांना विकलं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. त्याने त्यांना ओळख दिली ती साधारण बावीस वर्षांनी, आणि तीही पारखून. धाकटा भाऊ बन्यामिनाच्या गोणीत चांदीचा प्याला लपवला, आणि थोरल्यांपैकी यहूदा धाकट्याऐवजी स्वतः गुलाम व्हायला पुढे आला तेव्हाच योसेफाचा बांध फुटला (उत्पत्ती ४४-४५). पारखणं म्हणजे मनात अढी ठेवणं नव्हे.

मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा मुलांना धोका असेल तर क्रम बदलतो: आधी सुरक्षित जागा, मग पोलीस आणि डॉक्टर, आणि क्षमेचं नंतर. ‘क्षमा कर आणि घरी परत जा’ म्हणणारा वडीलधारा दोन वेगळ्या गोष्टींची गाठ मारतो. पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर १३ मे १९८१ रोजी मेहमेत अली आग्जाने गोळ्या झाडल्या. चारच दिवसांनी त्यांनी त्याला क्षमा केल्याचं जाहीर केलं, डिसेंबर १९८३मध्ये तुरुंगात जाऊन भेटले. आग्जा मात्र इटलीच्या तुरुंगात २०००पर्यंत होता.

यातलं आज काहीच जमत नसेल तर चौथ्या पायरीची घाई करू नका. पहिल्या कागदावर एकच ओळ लिहा, तो घडी करून १३व्या स्तोत्राच्या पानात ठेवा. रोज ते सहा ओव्यांचं स्तोत्र वाचताना कागद हाताला लागेल. उघडावासा वाटेल त्या दिवशी उघडा.