गळाची शिसं एका वजनाची कशी झाली

शापोरा नदीच्या काठावर गळ टाकायचा म्हणजे दोरीला शिसं हवंच, आणि खडकात अडकून ती सारखी जातात. म्हणून घरीच ओतायला लागलो. साचा 50 ग्रॅमचा, पण काट्यावर एक 43 भरायचं, दुसरं 49. काहींवर सुरकुत्या, काहींचा दोरीचा कान अर्धवट.

खोट मालात निघाली. चाकांचा तोल साधायला लावतात ती वजनं टायरवाल्याकडून आणून वितळवतो, त्यांत काही जस्ताची असतात. शिसं 327 अंशांना वितळतं, जस्त 419 ला. मी घाईने गॅस मोठा करायचो, मग जस्तही त्यात विरघळायचं आणि रस पेजेसारखा दाट व्हायचा. आता थर्मामीटर लावून 380 च्या वर जाऊ देत नाही. जस्ताचे तुकडे वर तरंगतात, ते झाऱ्याने लगेच काढायचे. मग मेणाचा तुकडा टाकून ढवळायचं, मळी वर येते. एकदम सगळा माल वितळवून वड्या पाडून ठेवतो. दर वेळी वेगळी भेसळ नको.

साचा गार असला की सुरकुत्या पडतातच. पहिली चार-पाच सरळ परत कढईत.

आता सगळी 48 ते 49 भरतात. 50 नाहीत, कारण चाकांच्या वजनांत अँटिमनी हा धातू मिसळलेला असतो, तो शिशापेक्षा हलका. चालतं, माशाला काय कळतंय!

पावसाळ्यात मात्र ओतणं बंद. ओलसर तुकडा तापल्या शिशात पडला की पाण्याची वाफ होऊन रस तोंडावर उडतो. काम उघड्यावर, मांगराबाहेर (मांगर म्हणजे शेतातली खोपी), वाऱ्याकडे पाठ करून. आणि ती कढई आईने स्वयंपाकघरातून कायमची हद्दपार केली आहे, तिचं बरोबरच आहे.