तळ्याखालच्या युरेनियमसाठी ओपन पिट खाण: या चुका टाळा

तळ्याखालचं युरेनियम काढायला तळ्याचा तो भाग बांध घालून वेगळा करतात, आतलं पाणी उपसतात आणि मग ओपन पिट, म्हणजे वरून उघडा खड्डा खणतात. मायनिंग किंवा जिऑलॉजी शिकणारी बरीच मुलं प्रोजेक्टला कॅनडातल्या सस्कॅचेवानची उदाहरणं घेतात, रॅबिट लेक, कॉलिन्स बे, की लेक, अलीकडे पॅटरसन लेक. उदाहरणं चांगलीच आहेत, पण रिपोर्टमध्ये पंधरा पानं युरेनियमवर आणि पाण्यावर जेमतेम एक परिच्छेद असतो, आणि अशा खाणीत खरा त्रास देतं ते पाणीच.

पहिली चूक म्हणजे युरेनियम नेमकं तळ्याखाली सापडलं हा योगायोग समजणं. ही डिपॉझिट्स (युरेनियमचे साठे) फॉल्टच्या, म्हणजे खडकातल्या मोठ्या भेगांच्या बाजूने असतात, तिथला खडक बदलून चिकणमातीसारखा मऊ झालेला असतो, हिमनद्यांनी तोच आधी खरवडून नेला आणि त्या खळग्यांत तळी साचली. म्हणजे जो खडक तुम्ही पिटची भिंत म्हणून धरताय तो मुळातच कमजोर आहे. टणक ग्रॅनाइटचे स्लोप अँगल (भिंतीच्या उताराचे कोन) उचलून इथे टाकू नका.

दुसरी, आणि माझ्या मते सगळ्यात महागडी चूक, बांध फक्त तळ्यातल्या पाण्यापुरता डिझाइन करणं. पाणी पाच-सहा मीटरच आहे म्हणून लोक निर्धास्त होतात, पण तळाखाली हिमनदीची वाळू-गोटे असतात, पॅटरसन लेकला तर हा थर साधारण 50 मीटर जाड आहे, आणि पाणी बांधाखालून आरामात आत येतं. म्हणून कटऑफ वॉल, म्हणजे जमिनीखाली पाणी अडवणारी भिंत, थेट पक्क्या खडकापर्यंत न्यावी लागते. पॅटरसन लेकच्या 2015 च्या प्लॅनमध्ये रिंग डाइक (पिटभोवतीचा गोल बांध) आणि स्लरी वॉल (चर खणून भरलेली कटऑफ वॉल) हेच होतं, पुढे 2019 मध्ये ओपन पिट सोडून पूर्ण अंडरग्राउंडचा प्लॅन आला.

बांधाच्या आतल्या बाजूला पाणी झिरपताना दिसलं तर आधी ते स्वच्छ आहे की गढूळ ते बघा. स्वच्छ आणि स्थिर असेल तर मोजत रहा, पायझोमीटर (मातीतल्या पाण्याचं प्रेशर मोजणारं साधन) बघत रहा. गढूळ असेल तर बांधातली माती वाहून चाललीये, आणि अशा वेळी घाईघाईत माती टाकून भोक बुजवायचं नाही, कारण पाणी शेजारून वाट काढतं. आधी वाळू, मग खडी, मग मोठे दगड असा फिल्टर चढवायचा, म्हणजे पाणी निघून जातं आणि माती जागेवर राहते, ग्राउटिंग (सिमेंटसारखं मिश्रण आत दाबून भरणं) त्यानंतर. आणि पंप जास्त लावून भराभर उपसा करू नका, बाहेरची पातळी उतरते पण मातीच्या आतलं प्रेशर तसंच राहतं आणि उतार घसरतो.

उपसलेलं पाणी साठवायची जागा कमी धरणं ही पण नेहमीची चूक. की लेकला जानेवारी 1984 मध्ये, उत्पादन सुरू होऊन जेमतेम काही महिने झाले असताना, साठवण तलावातून सुमारे 10 कोटी लिटर दूषित पाणी बाहेर गेलं. रॅबिट लेकला नोव्हेंबर 1989 मध्ये सुमारे 20 लाख लिटर सांडलं. तळ्यातले मासे खाऊन जगणाऱ्या तिथल्या डेने आदिवासींनी 1985 मध्येच वोलास्टन लेकजवळ या खाणींकडे जाणारा रस्ता अडवला होता, त्यांची भीती खोटी नव्हती.

ट्रीटमेंटमध्ये फक्त युरेनियम तपासू नका. रेडियम-226 काढायला बेरियम क्लोराइड घालतात, पण पाण्यात सल्फेट पुरेसं नसेल तर रेडियम गाळ होऊन नीट खाली बसत नाही, म्हणून रेडियम कमी होत नसेल तर आधी सल्फेट मोजा. आर्सेनिक आणि निकेल तर इथल्या बऱ्याच ओअरमध्ये (कच्च्या खनिजात) असतं, त्यांचा हिशेब वेगळा ठेवा.

शेवटी टेलिंग्ज (युरेनियम काढून उरलेला गाळ) आणि पिट बंद करणं. रॅबिट लेकचा जुना पिट टेलिंग्जसाठी वापरला तेव्हा भोवती वाळू आणि फोडलेल्या दगडाचा पाझरणारा थर दिला, म्हणजे भूजल कमी विरोध असलेल्या त्या थरातून बाजूने निघून जातं. हा थर डिझाइनमध्ये विसरू नका. आणि पिटमध्ये परत पाणी भरल्यावर वरच्या मीटरभराचं सॅम्पल चांगलं आलं म्हणून बांध फोडायची घाई नको, खोल पिटमध्ये खालचं पाणी वर्षानुवर्षं वरच्यात मिसळत नाही, त्यामुळे तळापर्यंत वेगवेगळ्या खोलीवरचं पाणी तपासायचं, तेही सगळ्या ऋतूंत.