ड्रायव्हरमधील छोट्या दुरुस्तीचे परीक्षण

लिनक्स कर्नलच्या (लिनक्स कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या) ड्रायव्हरमधील, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या कोडमधील, दोन-तीन ओळींची दुरुस्ती तपासताना प्रथम पॅचचे (पाठवलेल्या बदलाचे) वर्णन वाचावे आणि दोष नेमका कोणत्या परिस्थितीत प्रकट होतो हे त्यावरून कळते का ते पाहावे; कळत नसेल, तर कोड वाचण्याआधीच लेखकाला विचारणे बरे. वर्णनातील ‘फिक्सेस’ या ओळीत दोष आणणाऱ्या मूळ कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) हॅशची, म्हणजे त्याच्या ओळखचिन्हाची, किमान पहिली 12 अक्षरे असावीत. तो कमिट उघडून पाहावाच, कारण चुकीची नोंद असल्यास दुरुस्ती भलत्याच स्थिर आवृत्त्यांकडे पाठवली जाऊ शकते.

त्यानंतर केवळ बदललेल्या ओळी नव्हे, तर संपूर्ण फंक्शन वाचावे. प्रोब फंक्शनमध्ये, म्हणजे ड्रायव्हर उपकरणाशी जोडला जाताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये, मेमरी, क्लॉक, इंटरप्ट ही संसाधने ज्या क्रमाने घेतली जातात, त्याच्या उलट क्रमाने ती अपयशाच्या मार्गावर सोडली गेली पाहिजेत. नवा ‘गोटू’ (कोडमधील खुणेवर, म्हणजे लेबलवर, उडी मारणारी आज्ञा) चुकीच्या लेबलवर जात असेल, तर एखादे संसाधन सुटायचे राहते किंवा न घेतलेलेच सोडले जाते. ‘डेव्हएम’ने सुरू होणाऱ्या फंक्शनने घेतलेली मेमरी मात्र ड्रायव्हर उपकरणापासून वेगळा होताना आपोआप मुक्त होते. तिथे कोणी ‘केफ्री’ (मेमरी मुक्त करणारे फंक्शन) जोडले असेल, तर तीच मेमरी दोनदा मुक्त करणारा तो नवाच दोष आहे, मग वर्णन कितीही पटणारे असो. स्पिनलॉक (जो धरलेला असताना कोडने झोपायचे, म्हणजे थांबून वाट पाहायची नसते, असे कुलूप) धरलेला असताना ‘जीएफपी_कर्नल’ या पर्यायाने मेमरी मागितलेली दिसल्यास पॅच परत पाठवावा, कारण ती मागणी झोपी जाऊ शकते.

पॅचने दुरुस्त केलेली चूक रिमूव्ह (ड्रायव्हर वेगळा होताना चालणाऱ्या) आणि सस्पेंड (उपकरण निद्रावस्थेत जाताना चालणाऱ्या) फंक्शनमध्येही आहे का ते शोधावे. प्रत्यक्ष उपकरणावर चाचणी झाली नसेल, तर तसे वर्णनात स्पष्ट लिहिण्यास सांगावे.