बंधाऱ्याखालचा कातळ मे महिन्यात असा तपासा

"काळा दगड आहे, त्याला काय होतंय?" हे मी ३१ वर्षं साइटवर ऐकलं. सुरुवातीला मीही तेच म्हणायचो. मग माझ्याच एका बंधाऱ्याखाली दोन पावसाळ्यांत माणूसभर खोल खड्डा पडला. दगड झिजला नव्हता, सांध्यांतून ठोकळेच्या ठोकळे उपटून गेले होते.

५ मीटरवरून पडणारं पाणी खाली सेकंदाला सुमारे १० मीटर वेगानं आदळतं. ते भेगेत अडलं की चौरस मीटरला ५ टनांपर्यंत दाब येतो. बसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या दगडाचा, घनमीटरभर ठोकळा २.८ टनांचा, पण पाण्यात बुडाल्यावर १.८ टनच भरतो. खालचा दाब वरच्यापेक्षा तेवढा वाढला की तो उचलला जातो. त्याआधी पाण्याच्या हिसक्यांनी तो दाढेसारखा खिळखिळा होतो.

म्हणून दगडाचा टणकपणा नंतर बघा, आधी भेगा बघा. नदी कोरडी असताना खराट्यानं कातळ झाडा, बादलीभर पाणी ओता आणि थांबा. कातळ वाळतो, भेगा ओल्या राहतात. त्या काळ्या रेघांवर लगेच रंग मारा. सायकलच्या तारेनं खोली मोजा. पहार आपटा: खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आला तर खाली पोकळी आहे. आडव्या भेगेत मुरूम किंवा तांबडी माती असेल तर ती जागा सगळ्यात धोक्याची, कारण ती माती धुऊन गेली की पाण्याला दगडाखाली वाट मिळते.

आधीच पडलेल्या खड्ड्याचा आकार पाहा. निघोजला कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे गोल, गुळगुळीत आहेत. ते गोट्यांनी घासून झालेत. खड्ड्याच्या कडा सरळ, कोपरे धारदार असतील तर दगड उपटला गेलाय. असा खड्डा वरच्या बाजूला, भिंतीकडे सरकत येतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोविल धरणाच्या आपत्कालीन सांडव्याखाली हेच झालं, आणि सुमारे १ लाख ८८ हजार लोकांना घरं सोडावी लागली.

सुटा दगड साफसफाई म्हणून काढू नका. शेजारच्याची बाजू उघडी पडते. भेगा धुऊन त्यांत सिमेंटची स्लरी, म्हणजे पाण्यात कालवलेलं पातळ सिमेंट, भरा. ठोकळा पहारीनं हलत असेल तर मात्र अभियंत्याला बोलवा, तिथे गज ठोकून दगड खालच्या कातळाला बांधावा लागतो. प्रत्येक खुणेला नंबर द्या, फोटो काढा आणि नोव्हेंबरात त्याच जागी उभं राहून पुन्हा काढा.